पणती नको, माळ सोडा

हॅलोविनला दुधाच्या रिकाम्या प्लॅस्टिक कॅनचे भुताचे कंदील कसे करायचे, या तुमच्या लेखातलं ‘कॅन कापून आत पणती ठेवा’ हे वाक्य तेवढं काढाच राव. हे पांढरे कॅन बहुतेक एचडीपीई नावाच्या प्लॅस्टिकचे, १३० अंशांच्या आसपास वितळणारे. ज्योतीपुढं काय टिकणार? मागून खिडकी कापा, एलईडीची माळ सोडा. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला, तेव्हा दिवाळीच्या माळा घरात असतातच.

आणि दुधाचे कॅन कोल्हापुरात आणायचे कुठून? आमच्याकडं दूध पिशवीत, नाहीतर गंगावेशीत कट्ट्यावर, म्हशीखालचं थेट ग्लासात! मी तेलाचा पाच लिटरचा कॅन घेते. गरम पाणी, भांड्याचा साबण, मूठभर तांदूळ घालून खळाखळा हलवायचा. बाहेरूनही घासा, तेलकट राहिला तर मार्करनं काढलेले भुताचे डोळे बोटाला लागून येतात. रंगवणार असाल तर आधी पॉलिश पेपर मारा.