‘स्टेनलेस आहे, गंजत नाही’ हे खरं नाही

ओटी (ऑपरेशन थिएटर) स्टाफमध्ये एक सल्ला फिरतो आहे: ‘सर्जिकल इन्स्ट्रुमेंट स्टेनलेस असतात, गंजत नाहीत. दिसतात ते रक्ताचे डाग. रात्रभर सलाइनमध्ये हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचसारखं जंतुनाशक) घालून बुडवा, सकाळी तारेच्या घासणीने घासा, सांध्यांना तेल सोडा आणि ऑटोक्लेव्ह करा.’ यातलं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं, तेवढं बरोबर आहे.

स्टेनलेस गंजतं. त्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. तो शाबूत असेपर्यंतच स्टील सुरक्षित. शिवाय कात्रीला धार टिकायला हवी, म्हणून ती 420 ग्रेडसारख्या कडक होणाऱ्या स्टीलची करतात. गंजाला तोंड देण्यात हे स्टील 304 ग्रेडच्या भांड्यापेक्षाही कमी पडतं.

सर्वांत घातक सल्ला सलाइन-हायपोचा. नॉर्मल सलाइन म्हणजे 0.9 टक्के मीठ, आणि मिठातलं क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. हायपोने त्यात भरच पडते. आधी टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो, मग तो आत खोल जातो. रक्तातही मीठ असतं, म्हणून ते वाळू देणंही वाईटच. ‘हायपोने जंतू मरतात’ हे फरशीवर सांडलेल्या रक्तासाठी ठीक. पण रक्ताने माखलेल्या फोर्सेपवर (चिमट्यावर) हायपोचा जोर रक्तातच खर्ची पडतो आणि स्टील मात्र खराब होतं. केस संपली की लगेच साध्या गार पाण्याने धुवा (गरम पाण्याने रक्त गोठून चिकटतं), मग रक्त सुटं करणाऱ्या एन्झाइमच्या द्रावणात, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ.

प्रत्येक डाग रक्ताचाही नसतो. पेन्सिलीचा खोडरबर घासून बघा. डाग गेला आणि खालचं स्टील गुळगुळीत निघालं, तर तो नुसता डाग. खाली खड्डा दिसला, तर गंज. पांढरट ठिपके बहुधा जड (क्षारयुक्त) पाण्याचे असतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या ओटीत हे हमखास दिसतं. शेवटचं धुणं आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्याने करा, ठिपके थांबतील.

तारेची घासणी नकोच. चरे पडतात, लोखंडाचे कण अडकतात आणि तेच पुढे गंजतात. नायलॉनचा ब्रश घ्या. साध्या तेलाच्या थरातून वाफ आत पोचत नाही, म्हणून पाण्यात मिसळणारं इन्स्ट्रुमेंट मिल्क (सांध्यांसाठीचं दुधाळ वंगण) वापरा.

ऑटोक्लेव्हला लावताना आर्टरीचं (रक्तवाहिनी दाबून धरणाऱ्या चिमट्याचं) लॉक उघडं ठेवा, ट्रे कोरडा होऊनच बाहेर काढा. आणि खड्डे पडलेली आर्टरी त्या ट्रेमध्ये ठेवूच नका: तिचा गंज शेजारच्या चांगल्या कात्रीवर उतरतो, आणि सांध्याशी खड्डा असेल तर तिथून ती ऐन ऑपरेशनमध्ये तुटू शकते.