चष्मा सुटला म्हणजे शुगर गेली, असं नसतं

“जवळचा चष्मा सुटला की समजा शुगर मुळासकट गेली. गोळ्या बंद करा. डोळ्यांत कांद्याचा रस नि मध घाला. पडद्याची तपासणी टाळा, लेझरने माणूस आंधळा होतो.” हा मेसेज चोपडा-यावलकडच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या मोठ्या आईने तो वाचून गोळ्या थांबवल्या, म्हणून हे लिहायला बसलो.

चष्मा सुटतो, हे खरं आहे. तेवढं नाइलाजाने मान्य करतो. पासष्टीची बाई अचानक चष्म्याशिवाय पोथी वाचू लागते. पण का? मोतीबिंदूमुळे भिंगाचा गाभा घट्ट होतो आणि नंबर उण्याकडे सरकतो. जवळचं दिसतं, लांबचं पुसट होतं. पुढे मोतीबिंदू वाढला की वाचणंही जातं. शुगरवाल्यांना तो लवकर होतो. मोठ्या आईला विचारलं, स्टँडवर गाडीची पाटी वाचता येते का? नाही म्हणाली.

दुसरं कारण तर मेसेजच्या नेमकं उलट. शुगर चढली की भिंगात पाणी धरतं आणि नंबर हलतो. ज्याला हे लोक बरं झाल्याची खूण म्हणतात, ती शुगर भडकल्याचीही खूण असू शकते! आणि त्यावर सल्ला काय, तर गोळ्या बंद. असा मेसेज पुढे ढकलताना कुणाचा हात कसा थांबत नाही? नंबर बदलला तर आधी शुगर तपासा. ती स्थिरावल्यावरच नवा चष्मा करा.

शुगरमुळे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याला होणारं दुखणं याहून फसवं. बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, तरी दुखत नाही, की सुरुवातीला दिसायलाही कमी होत नाही. म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघायचा, नीट दिसत असलं तरी. या दुखण्यावर पडद्याला देतात तो लेझर गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली राखतो. त्यानंतर कडेचं किंवा रात्रीचं थोडं कमी दिसू शकतं, हेही खरं. पण लोक येतात उशिरा आणि नजर गेली की दोष लेझरला देतात.

गोळ्यांनी काही होत नाही म्हणणाऱ्यांनी ब्रिटनमधला यूकेपीडीएस अभ्यास बघावा. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहावरचा हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. शुगर आवळून धरलेल्यांमध्ये डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी निघाले. बीपी नीट राखलेल्यांमध्ये नजर बरीच खालावण्याचा धोका ४७ टक्क्यांनी घटला. म्हणजे बीपीची गोळीही डोळ्यांचीच गोळी.

कांद्याचा रस आणि मध डोळ्यांत अजिबात घालू नका. जळजळ होते, जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि पडद्यापर्यंत त्यातलं काही पोचत नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी जरूर खा, पण गोळीच्या जागी नाही.

ज्यांनी गोळ्या थांबवल्या आहेत त्यांनी उद्याच शुगर तपासून डॉक्टरांना भेटा. पडदा तपासायला जाताना घरातलं कुणीतरी सोबत न्या; थेंब घातल्यावर काही तास पुसट दिसतं, गाडी चालवता येत नाही.