फाटलेली क्रीम आणि वर्ध्याचे काका

माझी क्रीम फाटली ती घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. पण तिचा पंचनामा काल नागपूरच्या इतवारीतल्या एका दुकानात पाच गिऱ्हाइकांसमोर झाला आणि तो अपमान अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही. मागच्या आठवड्यात मी इमल्सिफायिंग वॅक्स मागितले होते आणि दुकानदाराने बिननावाच्या पिशवीत चक्क मधमाशीचे मेण बांधून दिले होते. हे मेण तेलाला घट्टपणा देते, पण तेल आणि पाणी यांची सोयरीक जुळवणे त्याला एकट्याला जमत नाही. त्यासाठी एका टोकाने पाण्याशी आणि दुसऱ्या टोकाने तेलाशी संबंध राखणारा मध्यस्थ, म्हणजे इमल्सिफायर लागतो. दोन्ही पातेली ७० अंशांपर्यंत तापवून, हात दुखेपर्यंत घोटूनही सकाळी बरणीत वर मेणाची पिवळी चकती आणि खाली गुलाबपाणी, असा रीतसर घटस्फोट झालेला होता.

“मेण ते मेणच ना, ताई,” दुकानदार म्हणाला, “तुमचा हात बसला नसेल.”

हात बसण्याचा प्रश्नच नव्हता. कोणता इमल्सिफायर पाण्याकडे झुकतो आणि कोणता तेलाकडे, हे सांगणारी ० ते २० अशी एक मोजपट्टी ग्रिफिन नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९४९ साली मांडली. तिच्या आधारे मी रात्री एक वाजेपर्यंत वहीत त्रैराशिके सोडवली होती. पण पिशवीवर नावच नसेल, तर आकडा कोणाला द्यायचा? हळदीच्या पुडीवर दहा ओळी छापलेल्या असतात आणि चेहऱ्याला लावायच्या वस्तूची ओळख मात्र दुकानदाराच्या स्मरणशक्तीवर सोडलेली असते.

तरीही भांडण आवरते घेऊन मी म्हणाले, “बरं, खरे इमल्सिफायिंग वॅक्स द्या, आणि शंभर ग्रॅम सेटिल अल्कोहोल.”

शेजारी तुरटीचा खडा उजेडात धरून पाहणाऱ्या काकांनी तो खाली ठेवला.

“अल्कोहोल घेऊन राहिल्या तुम्ही? भरदुपारी?”

मी समजावले की ही दारू नव्हे, पांढऱ्या मेणचट पापड्या आहेत आणि त्यांनी क्रीमला दाटपणा येतो. काकांनी माझी पिशवी उचलून, उघडून, नाकाशी नेऊन हुंगली. वास आला नाही, तेव्हा त्यांचा संशय उलट वाढला.

“मी वर्ध्याचा आहो, ताई. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिथं लोकं कायकायच्या नावाखाली काय काय आणते, मले नका सांगू.”

इथे मी गप्प बसायला हवे होते. पण वाचलेले सांगितल्याशिवाय राहवत नाही, हा माझा जुना दोष. शेव्हरल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१७ साली हा पदार्थ देवमाशाच्या डोक्यातल्या मेणापासून वेगळा केला, म्हणून त्याच्या ‘सेटिल’ या नावात देवमाशाचा लॅटिन शब्द आहे, असे मी सांगून टाकले. आता तो बहुधा पामतेलापासून किंवा खोबरेल तेलापासून करतात, हे उत्तरार्धाचे वाक्य कोणी ऐकलेच नाही.

“म्हणजे दारूही अन् मासाही!” काकांनी हात धोतराला पुसले. रांगेतल्या एका बाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू चतुर्थीला तर्री मागितली आहे.

पाण्याला दाटपणा देणारा झँथन गम नावाचा डिंक कोबीवर्गीय पिकांवर रोग पाडणाऱ्या जिवाणूंकडून तयार करून घेतात, हे मी त्यामुळे शहाणपणाने पोटातच ठेवले आणि दुकानदाराला एवढेच सांगितले, की मागच्या झँथनच्या पाण्यात गुठळ्या झाल्या. काका परत वळले.

“पाण्यात डायरेक्ट टाकलं असन. पिठल्यात बेसन असंच टाकता का तुम्ही? पहिले वेगळं कालवाव लागते ना!”

सगळे दुकान हसले. मला राग आला तो हसण्याचा नव्हे, काकांचे बरोबर होते याचा. झँथन आधी चमचाभर ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात सोडायचे असते, नाहीतर प्रत्येक कणाभोवती चिकट पापुद्रा धरतो आणि आतली पूड कोरडीच राहते. हे मी वाचलेले होते, वहीत अधोरेखित केलेले होते आणि घाईत विसरले होते. अर्ध्या टक्क्याहून कमी लागणाऱ्या पुडीने माझी अशी शोभा केली.

निघताना मी हट्टच धरला, की पिशवीवर नाव लिहून दिल्याशिवाय मी पैसे देणार नाही. दुकानदाराने कानामागचे पेन काढले, ठळक अक्षरांत लिहिले आणि वर एक रेघही ओढली. घरी येऊन पिशवी फळीवर ठेवली. संध्याकाळी सासूबाई ती दोन बोटांत धरून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. त्याच्या अक्षराला ‘सेटिल’साठी जागा पुरली नव्हती.