राज्यपालांची खुर्ची 'आपोआप' कुणालाच मिळत नाही

भाचा एमपीएससीचा अभ्यास करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले, महाराष्ट्राचं राज्यपालपद रिकामं पडलं, आणि त्याच आठवड्यात त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला. वर 'हे शाळेत शिकवत नाहीत', खाली तीन तिरंगे, आणि त्याखाली भाच्याचा प्रश्न: "मामा, हे पाठ करू का?"

फॉरवर्डचं म्हणणं असं. राज्यपालपद इंग्रजांचं, घटना समितीने ते चर्चा न करता जसंच्या तसं उचललं. राज्यपालाला पाच वर्षं कोणी हलवू शकत नाही, पण मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून त्याची सही बेकायदा. पद रिकामं झालं तर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आपोआप राज्यपाल होतात, ते डावलून बाहेरचा आणणं हा घटनाद्रोह. शिवाय 'अतिरिक्त कार्यभार' घेतलेला राज्यपाल फक्त टपाल बघू शकतो, निर्णय नाही. आणि शेवटी उसासा: अमेरिकेसारखा उपराज्यपाल ठेवला असता तर हा घोळच झाला नसता.

मुख्य न्यायमूर्तींचं आधी घेऊ, कारण चांगले शिकलेले लोकही हे छातीठोकपणे सांगतात.

घटनेचं कलम १६० एका वाक्याचं आहे. या प्रकरणात ज्याची तरतूद केलेली नाही अशी वेळ आली, तर राज्यपालाचं काम कोणी बघायचं याची योग्य वाटेल ती व्यवस्था राष्ट्रपती करू शकतात, एवढंच त्यात म्हटलंय. मुख्य न्यायमूर्ती हा शब्द त्यात नाही. 'आपोआप' तर नाहीच. राष्ट्रपती म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार. दिल्लीहून आदेश निघतो, ज्याचं नाव त्यात असेल तो शपथ घेतो. नाव न्यायाधीशाचं असू शकतं, दुसऱ्या राज्याच्या राज्यपालाचंही असू शकतं.

मग हा समज आला कुठून? हवेतून नाही आला. पूर्वी खरोखरच बऱ्याचदा मुख्य न्यायमूर्तींना बसवत. ऑक्टोबर १९५६ मध्ये मुंबईचे राज्यपाल हरेकृष्ण महताब पद सोडून ओडिशात मुख्यमंत्री व्हायला गेले. त्यांच्या जागी १४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला हंगामी राज्यपाल झाले आणि १० डिसेंबरला श्रीप्रकाश येईपर्यंत राहिले. आता या तारखांच्या मधे काय येतं ते बघा. १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य जन्माला आलं आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्ते पेटलेले, नवं राज्य मराठी माणसाला नको असलेलं, आणि राज्यपालाच्या खुर्चीत एक न्यायाधीश, तोही दोन महिन्यांपुरता. पुढे ११ डिसेंबर १९७६ ला अली यावर जंग पदावर असतानाच वारले, तेव्हाही मुख्य न्यायमूर्ती कांटावाला यांनी एप्रिल १९७७ अखेर सादिक अली येईपर्यंत काम पाहिलं. आणीबाणीचा शेवट महाराष्ट्राच्या राजभवनाने एका हंगामी माणसाच्या हाताखाली पाहिला म्हणायचा.

पण हा रिवाज होता, नियम नव्हे. ऑगस्ट २०१४ मध्ये के. शंकरनारायणन यांची मिझोरमला बदली झाली, त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा विद्यासागर राव येईपर्यंतचे काही दिवस गुजरातचे राज्यपाल ओमप्रकाश कोहली यांच्याकडे महाराष्ट्र होता. २०२५ मध्ये राधाकृष्णन गेल्यावर पुन्हा गुजरातचेच राज्यपाल, आचार्य देवव्रत. दोन्ही वेळा मलबार हिलच्या किल्ल्या गांधीनगरकडे, यावर मुंबईत काय काय विनोद झाले ते इथे लिहीत नाही. कुणाला हे खटकलं असेल तर खुशाल खटकावं, मला त्यात घटनाद्रोह मात्र दिसत नाही. उलट न्यायाधीशाला राजभवनात न बसवणंच मला बरं वाटतं. आज त्याने सही केलेल्या आदेशाविरुद्ध उद्या त्याच्याच न्यायालयात याचिका येणार.

गोंधळाचं दुसरं मूळ दिल्लीत आहे. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले, पण जुलैत त्यांनीही निवडणूक लढवायला राजीनामा दिला. तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला २० जुलै ते २४ ऑगस्ट कार्यकारी राष्ट्रपती होते. त्यासाठी संसदेने मे महिन्यातच खास कायदा केला होता: उपराष्ट्रपती नसतील तर सरन्यायाधीश. तो कायदा राष्ट्रपतिपदापुरता आहे, राज्यपालांसाठी तसा कायदा नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने वरचा मजला बघून खालच्याचा नकाशा काढलाय.

आणि तिसरं, शपथ. कलम १५९ प्रमाणे राज्यपालाला शपथ देतात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, ते नसतील तर हजर असलेले ज्येष्ठतम न्यायमूर्ती. राज्यपालाचं नुसतं काम बघणाऱ्यालाही ही शपथ चुकत नाही. १५ सप्टेंबर २०२५ ला देवव्रत यांनी संस्कृतमध्ये शपथ घेतली ती मुख्य न्यायमूर्तींसमोरच. टीव्हीवर दरवेळी शेजारी दिसणारा माणूसच वारस असावा, असं बघणाऱ्याला वाटलं तर त्याला फार दोष देता येत नाही. लग्न लावणारे गुरुजी मात्र नवरदेव नसतात.

आता 'चर्चाच झाली नाही' आणि 'उपराज्यपाल हवा होता' हे फॉरवर्डचे दोन मुद्दे एकत्रच घ्यावे लागतात, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात आहे.

इंग्रजी अमलात वारसाची सोय घरातच असे. गव्हर्नर रजेवर गेला की त्याच्या कार्यकारी मंडळातला एखादा ज्येष्ठ सभासद त्याच्या जागी बसे. पुण्यात हे वेगळं सांगायला नको. २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने ज्याच्यावर गोळ्या झाडल्या तो अर्नेस्ट हॉटसन मुंबईचा कायम गव्हर्नर नव्हताच. तो गृहखात्याचा सभासद, फ्रेडरिक साइक्स रजेवर म्हणून हंगामी गव्हर्नर. खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर गोळी अडली आणि तो वाचला. गोगट्यांना जन्मभर 'हॉटसन गोगटे' हे नाव चिकटलं. चार दिवसांच्या गव्हर्नरमुळे एका माणसाचं आडनाव बदललं.

स्वातंत्र्यानंतर ही पद्धत जशीच्या तशी उचलली का? जुलै १९४७ मध्ये घटना समितीने नेमकं उलट ठरवलं होतं: राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट लोकांनी निवडायचा. सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालच्या प्रांतिक घटना समितीचा तसा अहवाल होता. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात दोन पर्याय आले. एकात थेट निवडणूक, दुसऱ्यात विधिमंडळाने चार नावं निवडायची आणि राष्ट्रपतींनी त्यातलं एक उचलायचं. आणि मे १९४९ च्या अखेरीस दोन्ही बाजूला सारून राष्ट्रपतींनी नेमायचं असं ठरलं. मुख्यमंत्रीही लोकांच्या मतांवर आलेला आणि राज्यपालही, तर दोघांत भांडण जुंपणार, ही त्यामागची मुख्य भीती. निर्णय चुकला असं कोणी म्हणू शकतं. चर्चा झाली नाही असं म्हणता येत नाही, या एका पदासाठी दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या पद्धती पुढे आल्या.

उपराज्यपालाचा विचारही झाला होता. २१ फेब्रुवारी १९४८ ला मसुदा सादर करताना जोडलेल्या पत्रात तो का नको याचं कारण डॉ. आंबेडकरांनी रोखठोक दिलंय. राज्यपाल जागेवर असेपर्यंत उपराज्यपालाला कामच काय? केंद्रात उपराष्ट्रपती राज्यसभेचा सभापती असतो, त्याला बारा महिने काम आहे. बहुतेक राज्यांत वरचं सभागृहच नसणार, मग उपराज्यपालाला कुठे बसवायचं? अकल्पित प्रसंगी राज्याच्या विधिमंडळाने किंवा राष्ट्रपतींनी सोय करावी, अशी वाट मसुद्यात ठेवली होती. राज्यपाल नेमणुकीचा झाला आणि विधिमंडळ त्या वाक्यातून गेलं, राष्ट्रपती उरले. माझ्या मते खरी मेख इथे आहे, पण फॉरवर्डला ती दिसलीच नाही.

(दिल्ली किंवा पुदुच्चेरीचे 'नायब राज्यपाल' म्हणजे हे उपराज्यपाल नव्हेत. ते केंद्रशासित प्रदेशाचे प्रमुख. ३० मे १९८७ ला राज्य होईपर्यंत गोव्यातही तेच होते.)

अमेरिकेचं म्हणाल तर तिथेही सगळीकडे एकसारखं नाही. न्यू जर्सीत, जिथे मराठी मंडळी मोप, २०१० पर्यंत लेफ्टनंट गव्हर्नर हे पदच नव्हतं. गव्हर्नर गेला की सिनेटचा अध्यक्ष कार्यकारी गव्हर्नर, अगदी फॉरवर्डला हवं तसं आपोआप. जानेवारी २००२ मध्ये तिथे काय झालं? कार्यकारी गव्हर्नर असलेल्या सिनेट अध्यक्षाची मुदत ८ तारखेला संपली, नवा गव्हर्नर १५ ला येणार होता. सिनेट वीस-वीस अशी दुभंगलेली, म्हणून अध्यक्षही दोन. मग दीड तास अ‍ॅटर्नी जनरल गव्हर्नर, नंतर उरलेला आठवडा दोन अध्यक्षांनी वाटून घेतला. भाडेकरूंनी नळाच्या वेळा वाटून घ्याव्यात तसा. त्यानंतर २००४ मध्ये गव्हर्नरने राजीनामा दिल्यावर पुन्हा सिनेट अध्यक्षच वर्षभरावर खुर्चीत राहिला, तेव्हा कुठे लोकांनी २००५ मध्ये मत देऊन घटना बदलली.

पाच वर्षांचं लवकर उरकतो. कलम १५६ चं पहिलं वाक्य म्हणतं की राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहील. पाच वर्षांचा उल्लेख नंतर येतो, तोही पहिल्या वाक्याच्या अधीन. जुलै २००४ मध्ये उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा इथले चार राज्यपाल एकदम हटवले गेले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१० मध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की कारण न देता हटवता येतं, पण मनमानी चालणार नाही. केंद्रातलं सरकार बदललं, विचार जुळत नाहीत, एवढं कारण पुरत नाही. आपल्याकडेच बघा: पी. सुब्बरायन १९६२ मध्ये सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा वारले, आणि पी. सी. अलेक्झांडर जानेवारी १९९३ पासून जुलै २००२ पर्यंत साडेनऊ वर्षं होते.

मुदत संपल्यावरची सही? त्याच कलमात लिहिलंय की मुदत संपली तरी नवा माणूस पद घेईपर्यंत जुना पदावर राहील. विद्यासागर रावांनी ३० ऑगस्ट २०१४ ला शपथ घेतली होती, भगतसिंह कोश्यारी आले ५ सप्टेंबर २०१९ ला. मधले दिवस फॉरवर्डच्या हिशेबाने बेकायदा, घटनेच्या हिशेबाने नेहमीचे. ही सोय मुदत संपण्यापुरती आहे, मृत्यू किंवा राजीनामा झाला तर तिचा उपयोग नाही. तिथे दिल्लीचा आदेशच लागतो.

राहता राहिला 'टपाल बघणारा' राज्यपाल. एकाच माणसाला दोन राज्यांचा राज्यपाल करता येईल हे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने स्पष्ट केलंय, पगार दोन्ही राज्यांत कसा वाटायचा तेही. अलेक्झांडर आणि कोश्यारी या दोघांनीही काही काळ गोवा सांभाळला. पण सगळ्यात बोलका दाखला चेन्नईचा. सप्टेंबर २०१६ पासून तमिळनाडूचा अतिरिक्त कार्यभार आपल्या विद्यासागर रावांकडे होता. डिसेंबरात मुख्यमंत्री जयललिता गेल्या, त्याच रात्री पनीरसेल्वम यांना त्यांनी शपथ दिली. फेब्रुवारीत पनीरसेल्वम यांनी राजीनामा दिला, शशिकला मुख्यमंत्री व्हायला तयार बसल्या, आणि राव मुंबईत. काही दिवस ते चेन्नईला गेलेच नाहीत, ९ फेब्रुवारीला गेले तरी शपथ देईनात. १४ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने शशिकलांना दोषी ठरवलं, त्यांची संधी गेली आणि १६ ला पळनिस्वामींना शपथ मिळाली. राव थांबले नसते तर तमिळनाडूला त्या आठवड्यात वेगळा मुख्यमंत्री मिळाला असता. टपाल बघणाऱ्याच्या हातात एवढं असतं.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला तक्रारच करायची होती तर याच ठिकाणी करायला हवी होती. चेन्नईला पूर्णवेळ राज्यपाल मिळायला ऑक्टोबर २०१७ उजाडला, तेरा महिने. रिकामी खुर्ची किती दिवसांत भरायची, हंगामी माणूस किती दिवस चालवून घ्यायचा, याचा आकडा घटनेत कुठेही नाही.

भाच्याला मी एवढंच कळवलं: पर्यायांत 'मुख्य न्यायमूर्ती' दिसेल, हात शिवशिवेल, तिथे टिक करू नकोस.