ओळखीच्या माणसांची समिती

ओडिशातील बालासोरच्या फकीर मोहन महाविद्यालयात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने जुलै २०२५ मध्ये महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतले आणि १४ जुलैच्या रात्री भुवनेश्वरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. विभागप्रमुखाकडून लैंगिक छळ होत असल्याची तक्रार तिने आधीच केली होती. मी ही बातमी इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका शहरात, कामावर निघण्यापूर्वी वाचली, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या फोंड्याकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तिच्याविषयी बरेच काही लिहून आले. त्यातली दोन वाक्ये अजून माझ्या मनातून जात नाहीत. एका काकांनी लिहिले होते, ‘आपल्या गोव्यात निदान कॉलेजांत तरी असले काही होत नाही.’ आणि एका वहिनीने मला विचारले होते, ‘तुमच्याकडे तिकडे सगळे मोकळे, तिथे मुलींना हा त्रास नसेल ना?’ गेली नऊ वर्षे मी इथल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागात नोकरी करते. दोन्ही वाक्ये चुकीची आहेत आणि ती का चुकीची आहेत हे मला सविस्तर सांगायचे आहे.

गोव्यात स्त्रियांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की बोट बाहेर दाखवले जाते. किनाऱ्यावरचे पर्यटक, रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या, अमली पदार्थ, कामाधंद्यासाठी आलेले ‘भायले’ यांच्याभोवती चर्चा फिरते आणि रस्त्यावरच्या दिव्यांपाशी येऊन संपते. किनारपट्टीवर गुन्हे घडतात हे मी नाकारत नाही. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे २०२२ साली देशभरातून बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले, आणि त्यांत, त्याआधीच्या वर्षांप्रमाणेच, नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांतला आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा होता. महाविद्यालयात तर ओळखीशिवाय दुसरे असते काय? तिथे वर्गमित्र असतो, वरच्या वर्गातला मुलगा असतो, क्रीडा शिक्षक असतो, प्रबंधावर सही करणारा गाईड असतो. फाटकावर बसवलेल्या सीसीटीव्हीला केबिनच्या आतले दिसत नाही.

मी पणजीत शिकत होते तेव्हा आम्हा मुलींमध्ये एक सूचना वरच्या वर्गातून खालच्या वर्गात जात असे: अमुक सरांच्या केबिनमध्ये एकटीने जायचे नाही, जावेच लागले तर दार उघडे ठेवायचे, आणि वही दोन्ही हातांनी छातीशी धरायची. ही सूचना मला एका ताईने कँटीनच्या मागच्या पायरीवर बसून दिली होती. पुढच्या वर्षी मीही ती नव्या मुलींना दिली आणि आपण आपले कर्तव्य केले असे मला वाटले. आमच्यापैकी कोणीही ती गोष्ट कागदावर लिहिली नाही. ज्यांच्यापर्यंत सूचना पोहोचली नाही अशा मुलींचे काय झाले असेल, हा विचार मला फार उशिरा, इथे नोकरीला लागल्यावर सुचला, आणि तो सुचल्यापासून मला त्या पायरीची लाज वाटते.

‘बलात्काराची संस्कृती’ हे शब्द ऐकले की आपल्याकडची माणसे दुखावतात, कारण संस्कृती हा शब्द आपण देव्हाऱ्यात ठेवलेला आहे. पण त्या शब्दांचा अर्थ त्या पायरीपाशीच आहे. एक माणूस काय करतो हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि त्यातून निघणारी सगळी व्यवस्था, म्हणजे दार उघडे ठेवणे, वही छातीशी धरणे, वेळेत घरी परतणे, ही फक्त मुलींनी करायची असते. नंतर मुलगी बोललीच तर तिने कसे बोलावे याचेही नियम आपण ठरवलेले असतात. म्हापशाच्या सत्र न्यायालयाने मे २०२१ मध्ये एका नामांकित संपादकाला बलात्काराच्या आरोपातून निर्दोष मुक्त केले, तेव्हा त्या निकालपत्रात तक्रारदार स्त्री घटनेनंतर कशी वागली, तिच्या वागण्यात पीडितेला साजेशी लक्षणे होती की नव्हती, याची लांबलचक चर्चा होती. राज्य सरकारने त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केले. खटल्याच्या गुणदोषांविषयी मी इथे काही म्हणत नाही. पण गोव्यातल्या महाविद्यालयीन मुलींनी त्या चर्चेतून एवढेच घेतले की आपल्यावर काही ओढवलेच तर आपले रडणेही कोणीतरी तपासणार आहे.

आता वहिनीच्या प्रश्नाकडे येते. इंग्लंडमधल्या विद्यापीठांनी १९९४ पासून सुमारे बावीस वर्षे एक मार्गदर्शक तत्त्व पाळले, ज्यानुसार एखादा प्रकार गंभीर गुन्हा ठरण्याजोगा असेल तर विद्यापीठाने स्वतःची चौकशी न करता तो पोलिसांवर सोडायचा. मुलगी पोलिसांकडे जायला तयार नसेल, तर ती आणि तो मुलगा त्याच वसतिगृहात, त्याच जिन्यावरून वर्षभर येत-जात राहत. हे तत्त्व २०१६ मध्ये मोडीत निघाले. त्यानंतर दोनच वर्षांनी वॉरिक विद्यापीठातल्या काही मुलांचे एका ग्रुपवरचे संदेश उघड झाले. आपल्याच ओळखीच्या मुलींची नावे घेऊन त्यांच्यावर बलात्कार करण्याविषयी ती मुले लिहीत होती. दोघांना दहा वर्षांची बंदी झाली, अपिलात ती एका वर्षावर आली, आणि देशभर संताप उसळल्यावर २०१९ च्या फेब्रुवारीत ती दोन्ही मुले परत येणार नाहीत असे विद्यापीठाने जाहीर केले. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. त्या प्रकरणाची चौकशी विद्यापीठाने आपल्या प्रसिद्धी विभागाच्या प्रमुखाकडे सोपवली होती. वर्तमानपत्रांत विद्यापीठाचे नाव चांगले राहावे याची ज्याच्यावर जबाबदारी, त्याच्याच समोर बसून त्या मुलींना आपल्यावर गुदरलेले सांगावे लागले.

आणि जिथे नाव असे राखता येत नसे, तिथे ते पैसे देऊन राखले जाई. काही विद्यापीठे तक्रारदाराला भरपाई देत आणि त्याबदल्यात गुप्तता करारावर सही घेत, म्हणजे तिने यापुढे कोणाकडेही त्याविषयी बोलायचे नाही. इंग्लंडच्या उच्च शिक्षण नियामकाने विद्यापीठांना लैंगिक छळाच्या प्रकरणांत असे करार करण्यास मनाई केली, ती अगदी अलीकडे. याच नियमांनुसार शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातल्या खासगी संबंधांबाबत विद्यार्थ्यांना खरोखर संरक्षण मिळेल अशी पावले उचलणेही विद्यापीठांना बंधनकारक झाले. तेव्हा इकडे सगळे पूर्वीपासून ठाकठीक आहे, या समजुतीला काही आधार नाही.

उलट कायद्याच्या कागदावर आपण पुढे होतो, हे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगते तेव्हा त्यांना आश्चर्य वाटते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने दिलेला विशाखा निकाल १९९७ चा. त्याच विषयावरच्या २०१३ च्या कायद्याने चौकशी समितीची अध्यक्ष स्त्री असली पाहिजे, निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत आणि एक सदस्य संस्थेबाहेरची असली पाहिजे, असे ठरवून दिले; समेटाचा आधार पैसा असू शकत नाही हेही त्याच कायद्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी त्यापुढे जाऊन विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले तीन प्रतिनिधी समितीवर आणले, आणि मुलगे व तृतीयपंथी विद्यार्थीही छळाचे बळी ठरू शकतात हे स्पष्ट शब्दांत मान्य केले.

हा कागद गोव्यात पोहोचल्यावर त्याचे काय होते, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये, म्हणजे विशाखा निकालाची तत्त्वे लागू असताना, तक्रारी केल्या. समिती बसली, तिने सुनावण्या घाईघाईने उरकल्या, बाजू मांडायला त्याला पुरेसा वेळ दिला नाही, आणि त्याला नोकरीवरून काढण्यात आले. प्रकरण वर जात जात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांना धरून नसल्याने रद्द केली आणि चौकशी पुन्हा समितीकडे पाठवली. आरोप खरे की खोटे हे न्यायालयाने ठरवले नाही. त्याच निकालात न्यायालयाने कायदा होऊन दहा वर्षे झाली तरी त्याच्या अंमलबजावणीची अवस्था शोचनीय असल्याचे नोंदवून, देशभर समित्या आहेत की नाहीत याची पडताळणी करण्याचे आदेश दिले. हा निकाल देशाच्या दृष्टीने महत्त्वाचा खराच. मला मात्र त्या तक्रारदार मुली आठवत राहतात. तक्रार केली तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या. चौदा वर्षांनी त्यांना कळले की चौकशी पुन्हा समितीपुढे चालणार आहे. खोट्या तक्रारींची भीती घालणाऱ्यांनाही माझे उत्तर या निकालातच आहे: ज्या समितीला चौकशी कशी करायची हे शिकवलेले नाही, ती आरोपीवर अन्याय करते आणि त्याच चुकीपायी तक्रारदारावरही करते. कायद्याने दुष्ट हेतूने केलेल्या तक्रारीसाठी शिक्षा सांगितलेली आहे, आणि केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही हेही तिथेच लिहिलेले आहे.

गेल्या डिसेंबरात मी घरी आले असताना भाचीला आणायला तिच्या महाविद्यालयात गेले होते. ती येईपर्यंत मी सूचनाफलक वाचत उभी राहिले. कुलूप लावलेल्या काचेच्या चौकटीत अंतर्गत तक्रार समितीची यादी होती. कागद पिवळा पडून कोपऱ्यात सुटला होता. त्यातल्या दोन बाई निवृत्त झाल्याचे भाचीने नंतर सांगितले, आणि विद्यार्थी प्रतिनिधींच्या रकान्यात एकच नाव होते, तेही पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीचे. खाली संपर्कासाठी लिहिलेला क्रमांक मी तिथेच उभ्याने फिरवून पाहिला. तो अस्तित्वात नव्हता.

इथे माझ्या विभागात एक छोटी खोली आहे. तिच्यात दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता तिरक्या ठेवलेल्या आहेत, म्हणजे बोलणाऱ्या मुलीला वाटले तर खिडकीबाहेर पाहता येते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला तीन वाक्ये शिकवली गेली: तुझ्यावर माझा विश्वास आहे, यात तुझा दोष नाही, पुढे काय करायचे ते तू ठरव. ‘का गेलीस’ आणि ‘तेव्हाच का सांगितले नाहीस’ हे दोन प्रश्न आम्ही विचारत नाही. तिला हवे असेल तर शहरातल्या खास केंद्रात तिची तपासणी होते. अशी केंद्रे इथे १९८६ मध्ये मँचेस्टरपासून सुरू झाली, आणि सज्ञान मुलीची तयारी नसेल तर तिथले नमुने पोलिसांना न कळवता जपून ठेवले जातात, जेणेकरून तिला विचार करायला अवधी मिळतो. आपल्याकडे रुग्णालयांनी बलात्कारपीडितेवर मोफत उपचार केलेच पाहिजेत, पण त्याच कलमाने पोलिसांना लगेच कळवण्याचेही बंधन आहे. त्यामुळे पोलिसांना भिणारी मुलगी डॉक्टरकडेही जात नाही, आणि पुरावा एका आंघोळीत वाहून जातो.

पण इथली ती खोली उचलून गोव्यात ठेवली तरी ती तशीच चालेल, असे मला वाटत नाही. इथे मुलगी एकटी असते. तिच्या आईवडिलांना कोणी ओळखत नाही, तिचे नाव फाइलच्या क्रमांकाआड राहू शकते, आणि त्या एकटेपणाचा तिला त्रास होतो तसा आधारही होतो. गोव्यात अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, ‘तूं कोणाली गो?’, म्हणजे तू कोणाची. या प्रश्नात माया आहे, आणि परक्या देशात मी तो ऐकायला तरसते. परंतु समितीपुढे बसलेल्या मुलीला तोच प्रश्न गप्प करतो. आरोप असलेले सर देवस्थानच्या महाजनांपैकी असतात, त्यांची बहीण आपल्या वाड्यावर दिलेली असते, जत्रेतल्या नाटकात त्यांनी आणि आपल्या वडिलांनी एकत्र काम केलेले असते. चौकशी गुप्त ठेवण्याचे कायद्याने सांगितले आहे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोष्ट बाजारात पोहोचते. कोणी पैसे देत नाही, कोणी करारावर सही घेत नाही. एक मावशी घरी येते, चहा घेते आणि म्हणते, ‘लग्नाचे वय आहे पोरीचे, बघा बाबा.’

म्हणून गोव्यापुरती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती समितीतली बाहेरची सदस्य. ती कायद्याप्रमाणे संस्थेबाहेरची असते, पण तेवढे गोव्यात पुरत नाही. ती दुसऱ्या टोकाच्या तालुक्यातली असावी, गरज पडल्यास सिंधुदुर्ग किंवा बेळगावकडून यावी, आणि दोन्ही बाजूंशी तिचे नातेसंबंध नाहीत हे तिने लिहून द्यावे. एवढ्याशा राज्यात हे अवघड नाही. उत्तर टोकाच्या पेडण्याची बाई दक्षिण टोकाच्या काणकोणात दोन-तीन तासांत पोहोचते. त्याबरोबर तक्रारीची मुदतही पाहायला हवी. तीन महिने आणि फार तर आणखी तीन, हा हिशेब संशोधक विद्यार्थिनीला लागूच पडत नाही, कारण गाईडच्या सहीवर तिची चार-पाच वर्षे अवलंबून असतात आणि ती बोलू शकते ती सही मिळाल्यानंतरच.

भाचीच्या वर्गातल्या एका मुलीने जानेवारीत तक्रार दिली. तिची ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत आणि हे लिहिण्यापूर्वी तिला विचारले आहे. एका मुलाने तिचे फोटो बदलून ग्रुपवर टाकले होते. तिने स्क्रीनशॉट जपून ठेवले होते, तारखा लिहून ठेवल्या होत्या, आणि ते सगळे घेऊन ती ज्या बाईंकडे गेली त्यांनी पहिल्यांदा विचारले, ‘घरी सांगितलेस का?’ समिती नव्याने नेमली गेली, हे चांगले झाले. परवा रात्री भाचीचा फोन आला. ती म्हणाली, ‘मावशी, सुनावणी मंगळवारी आहे. बाहेरून येणाऱ्या बाई आमच्याच गावच्या आहेत गो, तिच्या आईला ओळखतात.’ सदस्य बदलून मिळावी असा अर्ज कसा लिहायचा ते मी तिला फोनवरच सांगितले, आणि त्या मुलीने तो काल सकाळी कार्यालयात देऊन पोच घेतली आहे.