डोळ्यात माटोळी
चवथीच्या आदल्या दिवशी मी स्टुलावर उभा राहून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधतोय, खालून काका "अजून डावीकडे, अजून डावीकडे" करतायत, आणि आंब्याचा टाळा सुटून थेट उजव्या डोळ्यात. लागलं एकच पान, तेही टोकाने, पण कळ अशी की म्हटलं यंदा गणपतीआधी मलाच पोचवतात.

काकू गुलाबपाणी घेऊन धावली, शेजारच्या मावशी मध, काका म्हणाले चोळ रे, जाईल. कवंडळं, म्हणजे माटोळीतली रानफळं, कुठे बांधायची यावर सकाळपासून ज्यांचं एकमत नाही ते माझ्या डोळ्यात काहीतरी घालायला मात्र एका पायावर तयार.

फोंड्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी बधिर करायचा थेंब घातला, आहाहा, म्हटलं ही बाटलीच द्या घरी. तर नाही, तो घालत राहिलं की जखम भरत नाही म्हणे. मग नारिंगी रंग, निळा लाईट, आणि मोबाईलवर फोटो: कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, हिरवीगार रेघ. मला वाटलं पानाचाच रंग उतरला! पण जिथली साल गेली तिथेच तो हिरवा चमकतो. पाच-सात थरांची साल, सगळी मिळून जेमतेम ०.०५ मिलिमीटर, आणि तिच्यात नसांची टोकं ठासून भरलेली, म्हणून एवढी बोंब. झाडाचं पान लागलंय, बुरशी होऊ शकते, घरातला स्टिरॉइडचा थेंब अजिबात नको, असं त्या म्हणाल्या तेव्हा काकांनी खिशातून अर्धी काढलेली बाटली गुपचूप परत ठेवली.

आणि भरतं कसं, तर कडेच्या पेशी आधी वाढणं थांबवतात, चपट्या होतात आणि एकमेकींना धरून सरकत सरकत उघडी जागा झाकतात. आरतीला कोण उठून गेला की बाकीचे कसे मांडी पसरून बसतात, डिट्टो. मग थर वाढतात, नवी भरती येते ती डोळ्याचं काळं-पांढरं जिथे भिडतं त्या काठावरून, तिथे मूळ पेशी असतात. आणि हे सगळं कोणी स्टुलाखाली उभं राहून न ओरडता.

दीड दिवसाचा गणपती पोचवून दुसऱ्या दिवशी परत गेलो तर रेघ गायब. तरी रात्रीचं मलम चालूच, कारण नवी साल नीट चिकटायला वेळ लागतो, नाहीतर सकाळी डोळा उघडताना पापणीबरोबर सोलून यायची.

घरी माटोळी तशीच लटकलेली, कोण उतरवणार यावर चर्चा. शेवटी मीच हेल्मेट घातलं, काच खाली केली, चढलो.

"अजून डावीकडे," काका म्हणाले.