कन्सोलमधला माउस: एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

नमस्कार,

लिनक्सच्या कन्सोलवर, म्हणजे डेस्कटॉपशिवायच्या नुसत्या मजकुराच्या पडद्यावर, माउसने मजकूर उचलून चिकटवू देणारा जीपीएम हा प्रोग्रॅम सुरू करण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. दोन ओळींत उत्तर देणं योग्य वाटलं नाही, म्हणून हे जरा लांबलं आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कन्सोल ही कीबोर्डची जागा आहे, माउस हवा असेल त्याने सरळ डेस्कटॉप सुरू करावा. मजकूर उचलायला टीमक्स हा कीबोर्डवर चालणारा टर्मिनल प्रोग्रॅम आहेच. चाक फिरवून मागचा मजकूरसुद्धा दिसत नाही, मग हा माउस कशासाठी? आणि एवढ्याशा सोयीसाठी रूटच्या, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाच्या, अधिकाराने डिमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) चालता ठेवणं म्हणजे सुरक्षेशी खेळ. वर 'खऱ्या युनिक्सवर असली थेरं नसतात' असंही तुम्ही लिहिलं आहे.

हा शेवटचा मुद्दा आधी संपवतो, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. लिनक्सवर जीपीएम सहसा वेगळं बसवावं लागतं. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या प्रणालीमध्ये माउसडी हा डिमन मूळ प्रणालीतच येतो, आणि तो चालू करायचा का हे इन्स्टॉलर स्वतः विचारतो. तिची भावंडं ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी यांच्याकडे डब्ल्यूएसमाउसडी आहे, तोही मूळ प्रणालीचाच भाग. साधेपणाबद्दल इतकी काटेकोर असलेली ही मंडळी ज्या गोष्टीला घरात जागा देतात, तिला थेरं म्हणणं मला पटत नाही.

आता मुख्य गोष्ट. कन्सोलवर माउसने काम करावं असं माझं म्हणणं नाहीच. मेन्यू उघडणं, खिडक्या सरकवणं यासाठी मीही तो वापरत नाही. माझी मागणी एवढीच आहे की, पडद्यावर यंत्राने स्वतः छापलेली अक्षरं मला हाताने पुन्हा टाइप करावी लागू नयेत. नव्या डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळखक्रमांक, घ्या. छत्तीस अक्षरं, त्यातली बत्तीस हेक्साडेसिमल. ती एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलमध्ये) उतरवताना एका ठिकाणी आठच्या जागी बी पडला की पुढच्या बूटला यंत्र अडकून बसण्याची शक्यता आहे. माउस असेल तर पहिल्या कन्सोलवर यूयूआयडी दाखवणारी बीएलकेआयडी ही कमांड चालवायची, यूयूआयडीवर डबल क्लिक करायचं, आल्ट आणि एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर उघडलेल्या व्हीआय या एडिटरमध्ये जायचं, इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर टाइप करण्याच्या स्थितीत) यायचं आणि मधलं बटण दाबायचं. निवडलेला मजकूर कर्नलमधल्या (प्रणालीच्या गाभ्यातल्या) एकाच बफरमध्ये राहतो आणि तो सगळ्या कन्सोलना सामाईक असतो, म्हणून हे जमतं.

त्या डबल क्लिकमध्ये एक बारकावा आहे, जो मला फार आवडतो. 'शब्द' कशाला म्हणायचं याचा तक्ता कर्नलमध्येच असतो. अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर यांच्याबरोबर हायफन, टिंब आणि तिरकी रेघ ही चिन्हंही मुळातच शब्दाचा भाग धरलेली आहेत, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणचिन्हं मात्र नाहीत. त्यामुळे अवतरणचिन्हांतला यूयूआयडी नेमका तेवढाच उचलला जातो, आणि फाइलचा लांबलचक पाथसुद्धा एका डबल क्लिकमध्ये अख्खा येतो. कन्सोलवर लोकांना काय उचलावं लागतं याचा विचार करूनच कोणीतरी हा तक्ता भरला आहे.

यावर तुम्ही म्हणाल की व्हीआयमधूनच बीएलकेआयडी चालवून उत्तर फाइलमध्ये ओढता येतं. येतं, आणि मीही तसं करतो. पण त्यासाठी कमांड पुन्हा चालवावी लागते. तासभर चाललेलं कंपायलेशन एका चुकीवर थांबलं आणि त्या फाइलचा पाथ पडद्यावर उभा आहे, तेव्हा 'पुन्हा चालव' हे उत्तर होत नाही. टीमक्सचा कॉपी मोड उत्तम आहे, पण जे टीमक्सच्या आत घडलं तेवढंच त्याच्या हाती लागतं. आधी साध्या शेलमध्ये (कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवलेल्या कमांडचं काय?

चाकाबद्दल तुमची तक्रार खरी आहे, फक्त ती माउसच्या माथी मारू नका. लिनक्स कन्सोलवर मागे जाण्याची सोय २०२० मध्ये, कर्नल ५.९ च्या वेळी, काढून टाकली गेली, कारण त्या कोडची देखभाल करणारं कोणी उरलं नव्हतं. शिफ्ट आणि पेजअपने तरी आता कुठे मागे जाता येतं? उलट यामुळे जे आत्ता पडद्यावर आहे त्याची किंमत वाढली.

सुरक्षेचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून तिथे थांबतो. मजकूर निवडणं आणि चिकटवणं हे काम डिमन कर्नलला सांगून करून घेतो. चिकटवलेला मजकूर शेलला कीबोर्डवरून आल्यासारखाच दिसतो. पूर्वी ही विनंती त्या कन्सोलवर चालणारा कोणताही प्रोग्रॅम करू शकत असे. रूटच्या शेलमधून कमी अधिकाराने चालवलेला एखादा प्रोग्रॅम पडद्यावर कमांड छापून, ती निवडून, शेलच्या पुढ्यात टाकू शकत होता. कर्नल ६.७ पासून यासाठी प्रशासकाचा विशेषाधिकार लागतो. म्हणजे डिमन रूटच्या अधिकाराने चालतो याला आता ठोस कारण आहे: तो दरवाजा इतर सगळ्यांसाठी बंद केला गेला.

तरीही तुमच्या शंकेतलं काही मी मान्य करतो. सामाईक बफर म्हणजे रूटने एका कन्सोलवर निवडलेलं, दुसऱ्या कन्सोलवर बसलेला कोणीही चिकटवू शकतो. एकच यंत्र अनेक जण समोर बसून वापरत असतील तर हे नको. जीपीएमचा कोडही जुना आहे: अँड्र्यू हेलेट यांच्या 'सिलेक्शन' या प्रोग्रॅमवरून अलेस्सांद्रो रुबिनी यांनी तो १९९० च्या दशकात उभा केला. तुम्हाला तो नको असेल तर कन्सोलेशन बघा. हा डिमन लिबइनपुट या माउस-कीबोर्ड हाताळणाऱ्या लायब्ररीवर चालतो आणि त्याचा भर निवडण्या-चिकटवण्यावरच आहे.

मला स्वतःला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच धोक्याची, आणि तो तुमच्या प्रतिक्रियेत आलेला नाही. निवड ओळीच्या टोकापर्यंत गेली की कर्नल शेवटच्या रिकाम्या जागा काढून तिथे एंटर जोडतो. ट्रिपल क्लिकने पूर्ण ओळ उचलून शेलमध्ये चिकटवली तर कमांड तिथल्या तिथे चालू शकते, वाचायला वेळच मिळत नाही. ती डिस्क पुसणारी कमांड असली तर? म्हणून पूर्ण ओळ चिकटवण्याआधी प्रॉम्प्टवर हॅशचं चिन्ह टाइप करा. बॅश या नेहमीच्या शेलमध्ये ओळ टिप्पणी म्हणून जाईल, मग वरचा बाण दाबून ती परत आणा, नीट वाचा, हॅश काढा आणि चालवा. व्हीआयमध्ये इन्सर्ट मोडमध्ये न जाता चिकटवलं तर प्रत्येक अक्षर कमांड म्हणून घेतलं जातं, हेही लक्षात असू द्या.

एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, दूरवर चालवायच्या सर्व्हरवर मात्र यातलं काहीच बसवू नका. तिथे निवडण्याचं काम तुमच्या समोरचा टर्मिनल करतो, सर्व्हरवरच्या डिमनचा त्यात काही संबंध येत नाही.

आणि हे सगळं वाचूनही माउस नकोच असेल, तर निव्वळ कीबोर्डवाल्यांसाठी कर्नलने एक फाइल ठेवली आहे: डेव्ह डिरेक्टरीतली व्हीसीएस१. पहिल्या कन्सोलच्या पडद्यावर आत्ता जे आहे, ते सगळं त्या फाइलमधून वाचता येतं. दुसऱ्या कन्सोलवर रूट म्हणून ती वाचा. त्या मजकुरात ओळी तोडणारी चिन्हं नसतात, तेव्हा फोल्ड या कमांडला पडद्याची रुंदी देऊन त्यातून जाऊ द्या आणि आलेला मजकूर एका फाइलमध्ये साठवा. ती फाइल व्हीआयमध्ये उघडली की तुमचा यूयूआयडी किंवा तो पाथ हवा तिथे यँक (कॉपी) करता येईल.